डीपीपासून फाटकापर्यंत

तुमच्या गावच्या हायस्कुलात नवे शिक्षक आले तेव्हा तुम्ही त्यांना काय दिलं? नीट आठवून सांगा. शाल दिली, नारळ दिला, गुलाबाचं फूल दिलं. माइक हातात घेऊन चार कौतुकाचे शब्द दिले. आणखी काय? शाळेत सगळ्यात लांबून येणारी पोरगी कुठून येते, कशी येते, हे त्यांना कुणी सांगितलं का?

आमच्या गावात कुणी सांगितलं नाही. मी दहावीत गेले त्या जूनमध्ये आमच्याकडे दोन नवे शिक्षक आले, गणिताचे सर आणि मराठीच्या मॅडम. पत्र्याच्या शेडखाली सत्कार झाला. भाषणं झाली. कांदा-बटाट्याचा बाजार, हायवे, शाळेचा निकाल, सगळं त्यात आलं. बिबट्याचं नाव फक्त एकदा निघालं, तेही विनोदासाठी. शाळा समितीतले एकजण म्हणाले, "आमच्याकडं पावण्यांचं स्वागत आदी बिबट्या करतो, मग आमी." सगळं शेड हसलं. नव्या मॅडमही हसल्या. सर हसले नाहीत, ते घड्याळ बघत होते.

मला ते दोघंही आवडले नाहीत. आजही आवडत नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी विरघळेन म्हणून कुणी वाट बघत बसायला नको.

आमची वस्ती कळंब आणि मंचरच्या मधे, हायवेपासून आत. वस्तीपासून शाळा अडीच किलोमीटर. दोन्ही बाजूंना ऊस, मधे पाटाचा पूल, मग पुन्हा ऊस, मग हायवे. शाळेची इमारत एक आणि सत्रं दोन, म्हणून हायस्कूल सकाळचं. सात दहाला प्रार्थना. म्हणजे आम्हाला सव्वासहालाच निघावं लागायचं. पावसाळ्यात त्या वेळी उजाडलेलं असतं. दिवाळीनंतर नसतं, आणि नेमका तेव्हाच ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो.

आम्ही सहा जण होतो. मी, माझा चुलतभाऊ, शेजारची नववीतली मैत्रीण, माळावरचे दोघे भाऊ आणि सातवीतली एक मुलगी. शेतीच्या मोटारींना वीज देणारी डीपी पाटाच्या अलीकडे आहे. तिथं जमायचं. सहा भरल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. लहान मधे, उंच पुढे आणि मागे. मोठमोठ्यानं बोलत चालायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या आधीची पोरं असंच जात होती, त्यांच्या आधीचीही. वनखात्याचं पत्रक डीपीच्या खांबाला पुढे कधीतरी डकवलं गेलं. एकटे फिरू नका, आवाज करत चाला. आम्ही ते वाचून हसलो होतो. हे आम्हाला सांगतायत!

सातवीतल्या मुलीला सगळ्यात उशीर व्हायचा. ती आळशी नव्हती. तिच्या घरची मेंढरं अजून होती. आमच्याकडे ज्यांची मेंढरं होती त्यातल्या बहुतेकांनी ती कधीच विकली आणि शेती धरली. तिच्या बापानं विकली नव्हती. त्यांचं बिऱ्हाड मेंढरांबरोबर हलायचं. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवायला सांगतो. चार रात्री एका रानात, मग चार दुसऱ्या. त्यामुळे या पोरीचं घर आज डीपीपासून हाकेवर असायचं आणि परवा तिथून अर्ध्या तासावर. आम्हाला ते माहीत होतं. आम्ही थांबायचो. जुने मुख्याध्यापकसुद्धा थांबायचे. फाटक लावायच्या आधी शिपायाला विचारायचे, "वस्तीवरची आली का? मग लाव."

ते मुख्याध्यापक त्याच वर्षी निवृत्त झाले. फाटक नव्या सरांच्या ताब्यात गेलं.

मॅडमनी पहिल्या तासाला सगळ्यांना उभं करून पूर्ण नाव विचारलं. माझं झाल्यावर म्हणाल्या, "छान. आणि राहायला? वस्तीवर म्हणजे कुठल्या बाजूला?"

"विहाराच्या बाजूला, मॅडम. आता बसू, का अजून काय खात्री करायचीय?"

वर्गात मागून ओऽऽ झालं. मॅडमनी गोड हसून मान हलवली. "किती चुणचुणीत आहे ही," असं त्या मला नाही, वर्गाला म्हणाल्या. तो शब्द मी अजून माफ केलेला नाही.

सरांनी नावं विचारलीच नाहीत. फळ्यावर तारीख लिहिली आणि म्हणाले, "मला कुणाच्या आडनावाशी काही घेणं नाही. हजेरी क्रमांक आणि वेळ. बास." घटकाभर मला ते आवडलंसुद्धा. तिसऱ्या दिवशी ती घटका संपली. सात बाराला आम्ही सहाच्या सहा धापा टाकत फाटकाशी पोचलो. फाटकाला आतून कडी होती आणि सर पलीकडे उभे होते.

"सर, आमी सहा जणं एकत्र येतो. एकमेकांची वाट बघावी लागती."

"मग वाट बघायला लवकर निघा."

"सर, पण सहा जणं..."

"घड्याळाला माणसं मोजता येत नाहीत. पहिला तास संपेपर्यंत बाहेर."

पहिला तास त्यांचाच, गणिताचा. आम्ही कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. हायवेवरून मंचरकडे कांद्याचे ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकमागे धुळीचा एक लोट अंगावर येत होता. आतून सरांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. वर्गसमीकरण. माझ्या चुलतभावानं त्याच दिवशी त्यांचं नाव ठेवलं, सातदहा. आठवड्यात ते नाव मंचरपर्यंत पोचलं.

आता इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या दिवशी मी त्यांना बिबट्याबद्दल बोलले नाही. मेंढरांबद्दल नाही. डीपीबद्दल नाही. नंतर सहा महिनेही नाही. रोज त्या फाटकाशी भांडले, आणि खरं कारण एकदाही तोंडातून काढलं नाही. का? कारण आमच्याकडे ती सांगायची गोष्टच नव्हती. पाऊस वरून खाली पडतो हे कुणी कुणाला सांगतं का? मला पक्कं वाटलं की माणसाला हे माहीत आहे आणि माहीत असून तो मुद्दाम करतो आहे.

असं वाटायला माझं घर कारणीभूत होतं. माझे वडील मंचरला एका छापखान्यात कामाला होते. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, दशक्रियेची पत्रं, आणि चळवळीची पत्रकं. पत्रकांचे खिळे ते मन लावून जुळवायचे. बिघडलेल्या प्रती घरी यायच्या. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती. मी वाचायला शिकले ते 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. निवेदन, धिक्कार, मोर्चा, हजारोंच्या संख्येने, हे शब्द मला फळांच्या नावांआधी येत होते. अन्याय ओळखायला मला घरी शिकवलं होतं. समोरच्याला ठाऊकच नसणं कसं ओळखायचं, हे त्या कुठल्याच कागदावर छापलेलं नव्हतं.

श्रावणात मॅडमनी वऱ्हांड्यात एक तक्ता लावला. 'वेळेचे मानकरी'. जो महिनाभर वेळेवर येईल त्याच्या नावापुढे चमकीचा तारा. आमच्या सहा नावांपुढे काही नव्हतं. मॅडम जाता-येता म्हणायच्या, "अरे, तुमचाही तारा लागू दे की. एवढं काय अवघड आहे?" सर निदान कडी लावून मोकळे व्हायचे. मॅडमचा तारा आमच्या आत शिरला.

आधी माळावरचे दोघे भाऊ फुटले. त्यांनी जुनी सायकल दुरुस्त करून घेतली आणि डीपीवर न थांबता जायला लागले. पहिल्याच महिन्यात दोघांना तारे. मग माझा चुलतभाऊ कुरकुरायला लागला. एका सकाळी डीपीशी पाय आपटत म्हणाला, "ही रोज येगळ्या रानातून येणार अन् आपुन थांबायचं. आपुन काय तिची मेंढरं हाय का, ती हाकंल तवा हलायचं?"

"नियम हाय तो," मी म्हणाले.

"कुणाचा? कुठं लिवलाय? दाखव की."

कुठंच लिहिलेला नव्हता. माझ्यासारखीला, जिला छापलेल्याशिवाय काही खरं वाटत नाही, तिलासुद्धा हे तोवर सुचलं नव्हतं.

दिवाळीनंतर सायकलवाले भाऊ पुन्हा चालत यायला लागले, कारण अंधारात सायकलवर त्यांनाही भीती वाटायची. पण थांबायची सवय मोडली होती. सहा सव्वीस झाले की सगळे माझ्याकडे बघायचे. डिसेंबरात एक दिवस पहिल्या तासाला गणिताची चाचणी होती, तिचे गुण दहावीच्या अंतर्गत गुणांत धरणार होते. सरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, फाटकाबाहेर राहिला त्याला शून्य.

त्या सकाळी धुकं होतं. सहा तीस झाले. मेंढरं तेव्हा पाटाच्या वरच्या अंगाला, लांबच्या रानात बसली होती. सहा पस्तिसाला तिचा आवाज आला. दिसली नाही, आवाज आला. "येतेऽऽ! आलेऽऽ! थांबा!" आवाजावरून कळत होतं की अजून दहा मिनिटं तरी आहेत.

चुलतभाऊ म्हणाला, "बोल."

मी म्हणाले, "चला."

हा शब्द माझा. सरांनी माझ्या तोंडात घातलेला नाही. आम्ही पाच जण भराभरा निघालो. पुलावर मी एकदा मागे वळून बघितलं. धुक्यात डीपीच्या दिशेनं पळत येणारा तिचा पिवळा स्वेटर दिसला. मग मी पुढे बघितलं.

सात नऊला आम्ही फाटकाच्या आत. चाचणी सुरू झाली. आमचा वर्ग फाटकाच्या सगळ्यात जवळ. सव्वासातच्या पुढे कधीतरी बाहेरून एक आवाज यायला लागला, जवळ जवळ येणारा, फाटलेला. "सतरा एके सतरा! सतरा दुणे चौतीस! सतरा त्रिक एक्कावन्न!" पाढा संपला की पुन्हा पहिल्यापासून. आवाज फाटकाशी येऊन थांबला, पण पाढा थांबला नाही.

सर खिडकीशी गेले. "ए! इथं पाढे कशाला ओरडतेस?"

"बिबट्यासाठी, सर."

वर्ग फुटला. पोरं बाकांवर डोकी आपटून हसली. मी हसले नाही असं लिहायला मला फार आवडलं असतं. माझे ओठ हलले होते. सरांना वाटलं, पोरगी चेष्टा करते आहे. ते म्हणाले, "बरं. आता तास संपेपर्यंत तिथंच उभी राहा, आणि पुढचे पाढे मनात म्हण."

मी खाली बघून दुसरं उदाहरण सोडवलं. बरोबर आलं.

दुसऱ्या दिवशी डीपीपाशी ती नव्हती. तिची आई होती. हातात काठी, डोक्यावरून पदर, पायात नवऱ्याचे असावेत असे मोठे बूट. मेंढरं सोडून ती बाई एवढ्या लांब आली होती. बाकीच्यांकडे तिनं बघितलंही नाही.

"तू मोठी ना गं त्यांच्यात?"

"व्हय, काकी."

"म्या पोरगी शाळंच्या भरवशावर लावली नव्हती. तुज्या भरवशावर लावली व्हती. काल ती एकली गेली. आली नीट, ते तिचं नशीब. पर रोज नशीब काढू का म्या?"

"काकी, सरांनी फाटक..."

"तुजा सर मला म्हाईत न्हाई. त्याला म्या कंदी बगितला न्हाई. तू म्हाईत हाय मला." काठी जमिनीवर टेकवून ती पुढे म्हणाली, "मला मेंढरं टाकून रोज येता येत न्हाई. तिच्या बापाला तर शाळा नकोच व्हती. तुमी थांबत असशाल तर ती यील. न्हाईतर ऱ्हाऊ द्या. मेंढरामागं निदान कुत्री तरी हायेत तिच्या संगं."

आणि ती वळून गेली. म्हणजे प्रश्न एवढाच होता, आणि तो मला पूर्ण कळला होता. आम्ही थांबलो तर ती पोरगी शाळेत, नाहीतर मेंढरांमागे. थांबणं आमच्या हातात होतं. तरी मी काय केलं? मी पत्रक काढलं.

रात्री एका बैठकीत लिहिलं. 'जाहीर निषेध! जाहीर निषेध!! जाहीर निषेध!!!' एका हुकूमशहाच्या लहरीपायी वस्तीवरच्या लेकरांना फाटकाबाहेर तिष्ठावे लागते. शाळेच्या जुलमामुळे एका निष्पाप बालिकेला उसातून एकटीने चालावे लागले. अशा प्रवृत्तीचा आम्ही त्रिवार धिक्कार करतो. वडिलांनी वाचलं. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "भाषा कडक हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या वाया गेलेल्या गुलाबी कागदाच्या पाठीवर चाळीस प्रती काढून आणल्या. पहाटे मी त्या फाटकाला, एसटीच्या थांब्याला, वऱ्हांड्यातल्या ताऱ्यांच्या तक्त्यावर आणि सरांच्या मोटारसायकलच्या सीटवर चिकटवल्या. इतकं छान मला आयुष्यात क्वचित वाटलं आहे.

प्रार्थनेनंतर सर गुलाबी कागद घेऊन पुढे आले. मला वाटलं फाडतील. त्यांनी तो वाचला. सगळा, मोठ्यानं, एकेक उद्गारचिन्ह सांभाळून. मी जितका चांगला वाचला असता त्याहून चांगला.

"कुणी लिहिलं?"

मी हात वर केला. तो सरळ, उंच वर गेला, याचा तेव्हा मला गर्व वाटला.

"हुकूमशहा आहे. धिक्कार आहे. मागणी कुठाय?"

मला काही कळेना.

"मागणी. मी काय करायचं? तू लिहिलंयस मी वाईट आहे. बरं, आहे. उद्या सकाळी सात दहाला मी नेमकं काय करू, ते यात कुठं आहे?" मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि ही मुलगी एकटी चालली म्हणतेस. तू तर जूनपासून म्हणतेस, तुम्ही सहा जण एकत्र येता. मग बाकीचे पाच कुठं होते?"

मैदानावर तीनशे पोरं. माझ्या मागे माझा चुलतभाऊ, मैत्रीण, दोघे भाऊ. मला उत्तर माहीत होतं. मी ते न देता ओरडले, "राजीनामा द्या!"

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. प्रश्न तसाच राहिला.

प्रश्न बरोबर होता. म्हणून विचारणारा माणूस बरोबर होता असं नाही. हे दोन वेगळे करायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

मला ऑफिसात नेलं. मॅडम तिथं वह्या तपासत होत्या. त्यांनी सगळं ऐकून सुस्कारा सोडला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "सर, एवढं मनाला लावून घेऊ नका. त्या घरांत शिक्षणाचं वातावरणच नसतं हो. ती मुलगी तशीही आठवीत गळलीच असती." आणि लाल पेनानं पुढच्या वहीवर 'सुंदर' लिहिलं.

मी सरांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मी विसरलेले नाही. मग त्यांनी गुलाबी कागद उलटा केला. मागे लग्नाचं अर्धं आमंत्रण होतं, बाकी जागा कोरी. पेन पुढे सरकवलं. "इथं लिही. एका वाक्यात."

मी लिहिलं, 'आमच्या वस्तीवरचे सहा जण एकत्र पोचेपर्यंत फाटक उघडे ठेवावे.'

"का?"

मग मी सांगितलं. पहिल्यांदाच. डीपी, ऊस, मेंढरं एका रानातून दुसऱ्या रानात कशी जातात, तिचं घर कसं हलतं, पाढे ती का ओरडत होती. सांगताना मलाच नवल वाटत होतं की हे सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सरांचा चेहरा पडला. "म्हणजे ती खरंच..." आणि मग एकदम चिडून, "हे जूनमध्ये का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं नाय."

"तू बोलली नाहीस."

"तुमी बाहेर उभं करत व्हता, सर. भिंतीला सांगू का?"

असं बराच वेळ चाललं. आमच्यात मैत्री वगैरे झाली नाही. शेवटी त्यांनी ठरवलं ते असं. "सहा आले तर कितीही वाजता सहाही हजर. पाच आले तर वेळेवर आले तरी पाचही गैरहजर. मोजायचंच आहे ना माणसांना? मग मोजू." नियम कडू होता, आणि आम्हाला हवा होता तोच होता.

पण पत्रक चिकटवल्याबद्दल त्यांनी माझ्या वडिलांना बोलावलं आणि लेखी माफी घेतली. ज्या माणसानं आयुष्यभर इतरांचे निषेध जुळवले, त्यानं ऑफिसात उभं राहून मुलीच्या वर्तनाबद्दल दिलगिरी लिहून दिली. अक्षर सुरेख होतं. सरांनी तो कागद फायलीला लावला. म्हणून म्हणते, मला ते आवडत नाहीत.

त्या दुपारी आम्ही पाच जण मेंढरं शोधायला गेलो. आदल्या रानात फक्त लेंड्या आणि वाघर ठोकल्याच्या खुणा होत्या. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. बिऱ्हाड पाटाच्या पलीकडे, तिसऱ्या रानात सापडलं. कुत्री अंगावर आली. काकीनं त्यांना आवरलं, आम्हाला बसा म्हणाली नाही.

मी नियम सांगितला. ती म्हणाली, "आता तुमची हजेरी बुडती म्हणून आलाय व्हय?"

हे खरंच होतं. मग माझा चुलतभाऊ, ज्याला मेंढरू व्हायचं नव्हतं तोच, म्हणाला, "काकी, डीपीवर नाय. मेंढरं असतील तितनं आमी तिला न्यायला येतो. लांब असली तर लवकर निघू."

"रोज?"

"रोज."

"बगू," काकी म्हणाली. आणि खोपीत जाऊन तिनं दप्तर बाहेर आणून ठेवलं.

पोरगी माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "ताई, तू पुलावर मागं वळून बगितलं व्हतंस ना? मला वाटलं, आता थांबती."



त्यानंतर मार्चपर्यंत आम्ही तिला रानारानांतून आणत राहिलो. कधी सात वीस झाले, कधी साडेसात. सर फाटकाशी उभे असायचे, मोजायचे, सहा म्हणायचे आणि कडी लावायचे. कधी हसले नाहीत, आम्हीही नाही. ताऱ्यांच्या तक्त्यावर त्यानंतर आमच्या नावांपुढे एकही तारा लागला नाही.

मग माझी दहावी झाली. मी आणि चुलतभाऊ मंचरला कॉलेजात गेलो. सरांची बदली झाली. सहाचा नियम त्यांच्या डोक्यात होता, कुठं लिहिलेला नव्हता, तो त्यांच्याबरोबर गेला. फाटक मॅडमच्या ताब्यात गेलं आणि पुन्हा सात दहाला लागायला लागलं. मैत्रीण, दोघे भाऊ आणि ती, चारच जण उरले. भाऊ पुन्हा सायकलवर. दिवाळीनंतर एके दिवशी कुणी थांबलं नाही, आणि काकीनं दुसऱ्यांदा कुणाला विचारलं नाही. ती आठवीत शाळेतून गेली. मला हे दोन महिन्यांनी कळलं, कारण मी चौकशीच केली नव्हती. मंचरच्या बाजारात मॅडम भेटल्या तेव्हा कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं का?"

"तुमी म्हणाला म्हणून नाय गेली ती, मॅडम. आमी थांबलो नाय म्हणून गेली. अन् फाटक तुमी लावलंत."

त्यांनी पिशवी उचलली. "अजून तशीच आहेस," म्हणाल्या. हो, आहे.

ती मुलगी आता वारूळवाडीच्या बाजूला नांदते. भेटली की बोलते, घरचं विचारते. शाळेचं बोलत नाही.

या जूनमध्ये आमच्या हायस्कुलात पुन्हा नवे शिक्षक येत आहेत. शेड झाडून घेतलंय. शाली आणल्या असतील. तुमच्याकडेही येत असतील. मला धिक्कार बऱ्यापैकी येतो, पण मागणी विसरायची चूक मी एकदा केली आहे, पुन्हा करणार नाही. म्हणून ही माझी एकच मागणी, सरांकडे नाही, तुमच्याकडे. शाल द्या, नारळ द्या, माझी ना नाही. पण त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या शाळेत सगळ्यात लांबून येणारं लेकरू कोण, ते शोधून काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नव्या शिक्षकांना त्याच्या दारात घेऊन जा, आणि तिथून फाटकापर्यंत त्या लेकराच्या चालीनं चालवत आणा. वाटेत काय काय आहे ते तोंडानं सांगा, त्यांना माहीत असेल असं धरू नका. आणि फाटकाशी पोचल्यावर, कडी लागायच्या आधी, किती जण आले ते मोजायला सांगा.